मऊ चेंडूचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर, वसईच्या थोडें अलीकडे, भिवंडीचा रस्ता जेथें फुटतो तेथें चिंचोटी हें गांव आहे. मुंबईकरांस हें नांव ठाऊक असतें तें तेथील धबधब्यामुळें. पावसाळ्यांत डोंगरांतून पाणी उतरूं लागलें कीं तरुणांच्या झुंडी तिकडे लोटतात. एखाद्या वर्षीं कोणी बुडतो, वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि मग त्या बाजूस फिरकण्यास मनाई करणारा सरकारी हुकूम निघतो. अपघात आधीं आणि नियम मागाहून, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत कांहीं विपरीत आहे असें कोणास वाटत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय धबधबा नव्हे. मुलींचा एक खेळ आहे. परंतु तो विषय मनांत आला तो ह्याच चिंचोटीजवळच्या एका पटांगणावर, आणि तेथील हकीकत आधीं सांगितल्यावांचून पुढील विवेचनाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत येणार नाहीं.

माझी धाकटी बहीण वसईस राहते. तिची मुलगी इयत्ता नववींत असून दोन वर्षांपासून शाळेच्या संघांतून सॉफ्टबॉल खेळते. ह्या खेळांत जी मुलगी चेंडू फेंकते तिला पिचर म्हणतात. माझी भाची संघाची पिचर आहे. गेल्या हिवाळ्यांत तिचा एक सामना पाहावयास मी मुद्दाम गेलों होतों. तिसऱ्या कीं चौथ्या डावांत तिनें एक सणसणीत चेंडू टाकला. समोरच्या मुलीनें तो जमिनीस न टेकवितां तितक्याच जोरानें सरळ परतविला. आणि हात वर येण्याच्या आंत तो भाचीच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या खालीं, बसला. आवाज मला कुंपणापाशीं ऐकूं आला. डोळा वांचला, पण गालाच्या हाडास बारीक तडा गेला. बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर हेल्मेट होतें. तिच्या मागें बसलेल्या कॅचरच्या तोंडावर जाळीचा मुखवटा होता. परंतु जिच्या अंगावर परतलेला चेंडू सर्वांत जवळून आणि सर्वांत वेगानें यावयाचा, तिच्या तोंडावर मात्र कांहींच नव्हतें.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून बहीण मला म्हणाली, "दादा, हा चेंडू मऊ असतो, असें तूंच मला सांगितलें होतेंस ना?"

सांगितलें होतें खरें. मुलीस खेळूं द्यावें कीं न द्यावें, असा प्रश्न दोन वर्षांपूर्वीं तिच्या घरीं निघाला, तेव्हां घरांतला इंग्रजी शिकलेला वडील मनुष्य म्हणून मला विचारण्यांत आलें. आणि खेळाची कांहीं एक माहिती नसतां, केवळ नांवाचा अर्थ लावून, मीं निश्चिंतपणें होकार दिला होता. जन्मभर इतिहास शिकविणाऱ्या माणसाकडून नुसत्या नांवावर विसंबण्याची चूक घडावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. ती चूक ध्यानांत आल्यावर जें वाचलें आणि जें विचारून घेतलें, त्याचा सारांश येथें देत आहें.

सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरीं १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यांत झाला. फॅरागट बोट क्लब नांवाच्या मंडळांत कांहीं तरुण येल आणि हार्वर्ड ह्या दोन विद्यापीठांमधील फुटबॉलच्या सामन्याचा निकाल ऐकावयास जमले होते. निकाल कळला, आणि आनंदाच्या भरांत एकानें मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला. दुसऱ्यानें तो काठीनें टोलविला. जॉर्ज हॅंकॉक ह्या गृहस्थास त्यांत खेळ दिसला. त्यानें हातमोजा दोरीनें आवळून त्याचा चेंडू केला, जमिनीवर रेघा आंखल्या, आणि थंडीच्या दिवसांत बंद जागेंत खेळावयाचा एक घरगुती बेसबॉल तयार केला. चेंडू मोठा, सुमारें सोळा इंच घेराचा, आणि खरोखरच मऊ. इतका कीं झेलणाऱ्यास हातमोजा लागत नसे. जागा लहान, म्हणून अंतरेंहि लहान. चेंडू मऊ होता म्हणूनच अंतर लहान ठेवणें निर्धोक होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सर्व इतिहास हिच्याच पोटांत आहे.

पुढें हा खेळ घरांतून अंगणांत आला. १८९५ सालीं मिनीॲपोलिस शहरांत आगीच्या बंबावर काम करणाऱ्या लुइस रोबर ह्या अधिकाऱ्यानें आपल्या लोकांचा रिकामा वेळ सत्कारणीं लागावा म्हणून तो ठाण्याजवळच्या मोकळ्या जागेंत सुरू केला. गांवोगांव त्याचीं नांवें निरनिराळीं होतीं. "सॉफ्टबॉल" हें नांव १९२६ सालीं वॉल्टर हॅकन्सन ह्यांनीं सुचविलें. आणि १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या प्रसंगीं जी मोठी स्पर्धा झाली, तिच्यानंतर देशभर एकच नियम लागू करण्याच्या खटपटीस जोर आला. त्या स्पर्धेंत स्त्रियांचेहि संघ होते, हें विशेष.

गंमत अशी कीं, नांव कायम होत होतें त्याच सुमारास चेंडू मात्र आपला मऊपणा टाकीत होता. मोकळ्या मैदानावर मऊ चेंडू लवकर फाटतो, आकार सोडतो आणि दूर जात नाहीं. म्हणून तो लहान आणि कठीण होत गेला. आज स्पर्धेंत वापरतात तो चेंडू बारा इंच घेराचा असतो. आंत कापोक, किंवा बुचाचा भुगा व रबर ह्यांचें मिश्रण, किंवा पॉलियुरेथेन नांवाचें कृत्रिम द्रव्य असतें, आणि वर कातड्याचें वेष्टण शिवलेलें असतें. त्याचें वजन १७८ ते १९८ ग्रॅम भरतें. ज्या क्रिकेटच्या चेंडूस आपल्याकडील आया भितात, त्याचें वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतें. म्हणजे ज्यास आपण मऊ म्हणतों तो क्रिकेटच्या चेंडूहून जड आहे! चेंडूचा गुण गेला. नांव तेवढें राहिलें.

ह्या खेळाचा दुसरा विशेष असा कीं, येथें चेंडू खालून फेंकावा लागतो. हात खांद्यावरून आणून फेंकण्यास बंदी आहे. ह्या नियमांतहि मुळांत सौम्यता आहे. क्रिकेटमध्यें एके काळीं चेंडू खालूनच टाकीत असत. हात खांद्याइतका उंच नेण्यास १८३५ सालीं, आणि त्याच्याहि वर नेण्यास १८६४ सालीं परवानगी मिळाली. आणि तीहि पुष्कळ वादानंतर. बेसबॉलची कथा तशीच. तेथें मोठ्या संघांच्या सामन्यांत वरून फेंकण्याची मोकळीक १८८४ सालीं मिळाली. फेंकणाऱ्याचें अंतर पूर्वीं ४५ फूट असे. १८८१ सालीं तें ५० फूट करण्यांत आलें, आणि १८९३ सालीं ६० फूट ६ इंच झालें, तें आजतागायत तसेंच आहे. हाताचा वेग वाढला कीं अंतर वाढवावयाचें, हें तत्त्व पुरुषांच्या खेळानें अशा रीतीनें सव्वाशें वर्षांपूर्वींच मान्य केलें होतें.

सॉफ्टबॉलमध्यें वरून फेंकण्यास बंदीच असल्यानें हा प्रश्न उद्भवणार नाहीं, अशी पहिल्या नियमकर्त्यांची समजूत असावी. परंतु मनुष्याचा हात मोठा युक्तिबाज आहे. खालून फेंकण्याचा नियम न मोडतां खेळाडूंनीं हात पवनचक्कीच्या पात्याप्रमाणें पुरा वर्तुळांत फिरवून, त्या फेऱ्याचा सारा जोर शेवटच्या क्षणीं चेंडूस देण्याची रीत काढली. ह्या रीतीचें सामर्थ्य किती, ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं कनेक्टिकट संस्थानांतील वॉटरबरी गांवीं झालेल्या एका प्रदर्शनीय सामन्यांत, टेड विल्यम्स ह्या बेसबॉलच्या विख्यात फलंदाजास जोन जॉइस नांवाच्या तरुणीचे चेंडू मारतां येईनात. ज्यानें आपल्या काळांतील मोठमोठ्या पुरुष खेळाडूंचे चेंडू लीलेनें टोलविले होते तो गृहस्थ एका मुलीपुढें निरुपाय झाला, ह्याचें लोकांस मोठें नवल वाटलें. वास्तविक त्यांत नवलापेक्षां गणित अधिक होतें. अंतर थोडें असलें म्हणजे मध्यम वेगहि प्रचंड होतो. पुढें २०१२ सालीं मोनिका ॲबट ह्या अमेरिकन पिचरनें ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारें १२४ किलोमीटर, वेगानें चेंडू फेंकल्याची नोंद आहे.

स्त्रियांच्या खेळांत पिचरच्या पट्टीपासून फलंदाजाच्या होम प्लेटपर्यंतचें अंतर पुष्कळ वर्षें ४० फूट होतें. तें मोठ्या मुलींकरितां आणि स्त्रियांकरितां आतां ४३ फूट झालें आहे. अमेरिकेंतील माध्यमिक शाळांनीं हा बदल २०११ च्या हंगामापासून सर्वत्र लागू केला. त्या देशांत बारा वर्षांखालील मुलींस ४० फूट, आणि दहा वर्षांखालील मुलींस ३५ फूट अंतर व अकरा इंची चेंडू, अशी वयाप्रमाणें पायरी लावलेली असते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे ४३ फूट म्हणजे काय, ह्याची कल्पना येईल. हें अंतर वाढवितांना मुख्यतः पुढें करण्यांत आलेलें कारण असें होतें कीं, चेंडू अधिक खेळला जावा आणि फलंदाजी व फेंक ह्यांचा तोल राहावा. खेळाची रंगत आधीं आणि खेळणारीची इजा मागाहून, असा हा हिशेब आहे.

आतां थोडें गणित करूं. कारण ह्या वादांत भावनेपेक्षां अंकच अधिक बोलतात. पंधरा वर्षांची तरबेज मुलगी ताशी ८० किलोमीटर वेगानें चेंडू फेंकते असें धरूं. चेंडू सोडते वेळीं ती एक लांब पाऊल टाकून सुमारें सहा फूट पुढें आलेली असते. म्हणून प्रत्यक्ष अंतर ३७ फूट, म्हणजे सव्वाअकरा मीटर, उरतें. तेवढें अंतर चेंडू अर्ध्या सेकंदांत तोडतो. बॅट घेतलेल्या मुलीस पाहणें, ठरविणें आणि मारणें हें सारें ह्या अर्ध्या सेकंदांत करावें लागतें. आतां उलट दिशेनें पाहा. बॅटवरून सुटलेला चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगानें परतला, तर तो पिचरच्या तोंडापाशीं चारदशांश सेकंदांत पोहोंचतो. डोळ्यानें पाहिलेल्या गोष्टीस हाताचें नुसतें पहिलें उत्तर मिळण्यासच माणसास सुमारें एकपंचमांश सेकंद लागतो. उरलेल्या तितक्याच वेळांत हात उचलून तोंडापुढें आणावयाचा. आणि तोहि अशा स्थितींत कीं, फेंकण्याच्या झोंकानें अंग पुढें झुकलेलें आहे, तोल एका पायावर आहे, आणि दुसरा हात अजून खालीं आहे. माझ्या भाचीस त्या दिवशीं सावधपणा नव्हता, असें तिच्या संघांतील एका बाईंनीं मला सांगितलें. तो दोष सावधपणाचा नव्हता, काळाचा होता.

ह्याच गणितांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. चाळिसांचे त्रेचाळीस फूट केल्यानें पिचरला मिळणारा अधिक वेळ सेकंदाचा सुमारें तिसावा भाग आहे. फलंदाज मुलीस त्याचा उपयोग होतो, खेळहि सुधारतो. परंतु पिचरचें तोंड त्यानें वांचत नाहीं. तिच्यासाठीं, आणि पहिल्या व तिसऱ्या बेसपाशीं पुढें सरकून उभ्या राहणाऱ्या मुलींसाठीं, तोंडावरील मुखवटा हाच खरा उपाय आहे. असा हलका, तारेचा किंवा कठीण प्लास्टिकचा, मुखवटा मिळतो. बहुतेक ठिकाणचे नियम तो घालण्यास परवानगी देतात, परंतु सक्ती करीत नाहींत.

तिसरी इजा डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी. खालून फेंकणें हें शरीराच्या स्वभावास अनुसरून आहे, त्यानें हातास कांहीं होत नाहीं, अशी समजूत दीर्घ काळ प्रचलित होती. फेंकण्याच्या हालचालींचीं चित्रें घेऊन जेव्हां मोजमाप करण्यांत आलें, तेव्हां चेंडू सोडण्याच्या क्षणीं खांद्याच्या सांध्यावर पडणारी ओढ शरीराच्या वजनाच्या आसपास जाते असें दिसून आलें. अमेरिकेंतील लिटल लीग ह्या मुलांच्या संस्थेनें बेसबॉल खेळणाऱ्या मुलग्यांसाठीं एका दिवसांत किती चेंडू फेंकावे ह्याची मर्यादा २००७ सालीं घातली. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्यें अशी चेंडूंची मोजणी मात्र त्या प्रमाणांत रुजली नाहीं. आपल्याकडे शाळेच्या संघांत चांगली पिचर बहुधा एकच असते, आणि दोन दिवसांत संपणाऱ्या स्पर्धेंत सकाळ-दुपार तीच फेंकीत राहते. जी मुलगी उत्तम तिच्यावरच सर्वांत अधिक भार, हा न्याय घरांत आणि मैदानावर सारखाच आहे.

येथवर आलेली कथा परक्या देशाची वाटेल. पण तिचा आपल्याशीं संबंध आहे. भारतांत सॉफ्टबॉलची अखिल भारतीय संस्था १९६१ सालीं निघाली. जागतिक क्षेत्रांत ह्या खेळानें स्त्रियांस असा मान दिला आहे कीं तो दुसऱ्या सांघिक खेळांत क्वचितच आढळेल: स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ सालीं मेलबर्न येथें झाली, आणि पुरुषांची त्यानंतर एक वर्षानें. १९९६ ते २००८ पर्यंतच्या चार ऑलिंपिक स्पर्धांत, आणि २०२१ सालीं भरलेल्या टोकियोच्या स्पर्धेंतहि, सॉफ्टबॉल होता तो स्त्रियांचाच. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत भारतीय मुलींचा संघ उतरला. महाराष्ट्रांत हा खेळ शालेय क्रीडास्पर्धांत समाविष्ट आहे, आणि शिवछत्रपति पुरस्कारांच्या यादींतहि त्याचे खेळाडू आहेत. शालान्त परीक्षेंतील वाढीव गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंसाठीं राखलेल्या पांच टक्के जागा, ह्यांमुळें पुष्कळ मध्यमवर्गीय व खेड्यांतील घरें आपल्या मुलींस अशा खेळांकडे हौसेनें पाठवूं लागलीं आहेत. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु स्पर्धा जितक्या वेगानें वाढली तितक्या वेगानें साहित्य वाढलें नाहीं. चार बॅटी, दोन हेल्मेटें, कॅचरचा एक मुखवटा आणि बारा जणींत वांटून घेतलेले हातमोजे, एवढ्यावर संघ उभा राहतो.

आघाताशिवाय माणूस शिकत नाहीं, असें म्हणण्याचा मोह इतिहास वाचतांना वारंवार होतो. १९२० च्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क येथें रे चॅपमन ह्या बेसबॉलच्या खेळाडूस डोक्यावर चेंडू लागून मृत्यु आला. तरी मोठ्या संघांत हेल्मेटची सर्वत्र सक्ती होण्यास पन्नास वर्षें लागलीं. आपल्या मुंबईकरांस अधिक जवळची आठवण नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांची आहे. १९६२ च्या मार्चमध्यें बार्बाडोस बेटांतील ब्रिजटाउन येथें चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या ह्या कर्णधाराच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल ह्यानें स्वतःचें रक्त दिलें, आणि कॉन्ट्रॅक्टर वांचले. परंतु पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत. त्याच ब्रिजटाउनच्या मैदानावर १९७८ च्या मार्चमध्यें ग्रॅहम यालप ह्या ऑस्ट्रेलियन फलंदाजानें कसोटी सामन्यांत प्रथमच हेल्मेट घातलें, आणि प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो केली. एकाच मैदानावर जखम आणि तिचा उपाय ह्यांमध्यें सोळा वर्षें गेलीं. आणि उपाय आला तेव्हां तो हास्यास्पद ठरला. पुढें २०१४ सालीं सिडनी येथें फिलिप ह्यूज ह्यास हेल्मेट असूनहि मानेवर चेंडू लागून मरण आलें, तेव्हां मानेच्या संरक्षणाचा विचार सुरू झाला. म्हणजे कोणतेंहि साधन पूर्ण नसतें. पण म्हणून अपुरें साधन टाकून द्यावें असें कोणी म्हटलें नाहीं.

ह्या सर्व गोष्टी पुरुषांच्या. ह्यांत एक वस्तु समान आहे: चॅपमन मेला म्हणून मुलग्यांचा बेसबॉल बंद करा, किंवा कॉन्ट्रॅक्टर पडले म्हणून दादरच्या मुलांनीं बॅट खालीं ठेवावी, असें कोणत्याहि बापाच्या मनांत आलें नाहीं. खेळ चालूच राहिला. उशिरानें का होईना, शोध संरक्षणाचा झाला. मुलींच्या बाबतींत मात्र आपलें मन उलट दिशेनें धांवतें. १९७३ सालीं पुण्यास स्त्रियांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश अशा तीनच संघांत झाली. त्या पिढींतील मुंबईच्या डायना एडलजी ह्यांचे, डोक्यावर हेल्मेट नसतां, चेंडू लागून पुढचे चार दात गेले; तरी त्या परत मैदानावर आल्या आणि पुढें भारताच्या कर्णधार झाल्या. आज आपण ही गोष्ट कौतुकानें सांगतों. परंतु असे चार दात गमावून कायमच्या घरीं बसविल्या गेलेल्या मुली किती असतील, त्यांचीं नांवें कोणत्याच यादींत सांपडावयाचीं नाहींत. मुलाच्या कपाळावरील खोक हें त्याच्या पराक्रमाचें चिन्ह, आणि मुलीच्या गालावरील खूण ही तिच्या लग्नांतील अडचण! माझ्या बहिणीच्या घरीं त्या आठवड्यांत जे भेटावयास आले, त्यांपैकीं निम्म्यांनीं "दुखतें का" हें विचारण्याच्या आधीं "व्रण राहील का" हें विचारलें. मुलगी शेजारच्या खोलींत जागी होती.

आपल्या पूर्वजांच्या खेळांत ह्या प्रश्नाचा विचार नव्हता असें नाहीं. लगोरीमध्यें चेंडू पाठींत मारावयाचाच असतो. म्हणून तो चिंध्यांचा करीत. विटीदांडूंत विटी डोळ्याकडे उडण्याचें भय असतें. म्हणून वडील मंडळी लहानांस समोर उभें राहूं देत नसत, लांब उभें करीत. वस्तु कठीण असेल तर अंतर वाढवावें, आणि अंतर थोडें असेल तर वस्तु मऊ करावी, हें शहाणपण आजीबाईंस कोणत्याहि नियमपुस्तकाशिवाय ठाऊक होतें. सॉफ्टबॉलच्या इतिहासांत चुकलें तें एवढेंच कीं, वस्तु कठीण झाली आणि अंतर वेळेवर वाढलें नाहीं. जेथें अंतर आणखी वाढवितां येत नाहीं, तेथें मध्यें कांहीं तरी आड घालणें प्राप्त आहे.

ह्यावर दोन आक्षेप मला ऐकावयास मिळाले. पहिला, मुखवट्यानें मुली भित्र्या होतील आणि खेळाचा बाणा जाईल. यालपची हुर्यो करणाऱ्यांचाहि आक्षेप हाच होता, आणि आज हेल्मेटशिवाय वेगवान गोलंदाजीपुढें उभा राहणारा शूर नव्हे, अविचारी समजला जातो. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो अधिक खरा आहे, आणि त्याची टिंगल करण्याचा अधिकार माझ्यासारख्या पगारदार माणसास नाहीं. परंतु बारा जणींच्या संघास बारा मुखवटे लागत नाहींत. पिचर आणि तिच्या दोन बाजूंच्या दोघी, एवढे तीन पुरेसे आहेत. गणवेषावर शाळेचें नांव छापण्यास जो खर्च येतो, त्याच्याशीं ह्याची तुलना करून पाहावी. चेंडूंची मोजणी करण्यास तर वही आणि पेन्सिल ह्यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. आणि लहान मुलींस लहान चेंडू व कमी अंतर देण्यास केवळ इच्छा लागते.

आतां भाचीविषयीं. हाड जुळून आल्यावर तिनें मला विचारलें, "मामा, आईस तुम्ही सांगाल का?" काय सांगावयाचें, हें तिनें सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. बहिणीपुढें मीं आपली पहिली चूक कबूल केली. चेंडू मऊ नाहीं, तो क्रिकेटच्या चेंडूहून जड आहे, हें वजनांसकट सांगितलें. आणि मग वर लिहिलेलें गणित कागदावर मांडून दाखविलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर म्हणाली, "मग हें आधीं कां नाहीं केलें कोणी?" ह्या प्रश्नास मजजवळ इतिहास होता, उत्तर नव्हतें. शेवटीं तिनें परवानगी दिली ती दोन अटींवर: मुखवट्याशिवाय पट्टीवर उभें राहावयाचें नाहीं, आणि दिवसांत किती चेंडू फेंकले तें रोज वहींत लिहून दाखवावयाचें.

ह्या वर्षीं तिचा पहिला सामना पुन्हां चिंचोटीजवळच्या त्याच पटांगणावर झाला. तारेचा मुखवटा घालून ती उभी राहिली, तेव्हां प्रतिपक्षाच्या मुलींत थोडी खसखस पिकली. पहिला डाव संपला, फेंकण्याची पाळी त्यांची आली, आणि त्यांची पिचर, तेरा-चौदा वर्षांची एक सडपातळ मुलगी, पट्टीकडे जातां जातां थबकली. ती भाचीपाशीं आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तो जरा देतेस का?" भाचीनें तो काढून दिला. त्यानंतर सामना संपेपर्यंत डाव बदलला कीं मुखवटाहि बदलत होता. एकच मुखवटा आळीपाळीनें दोघींच्या तोंडावर होता. पंचांनीं हरकत घेतली नाहीं. नियमांत तशी हरकत नाहींच.

त्या दिवशीं एकहि चेंडू कोणाच्या तोंडावर आला नाहीं. तसा तो बहुतेक दिवशीं येत नाहीं. म्हणूनच नियम करणाऱ्यांस घाई वाटत नाहीं. पण ज्या पालकांच्या मुली ह्या वर्षीं मैदानावर उतरतील, त्यांनीं शाळेच्या साहित्याच्या यादींत तीन मुखवटे आहेत कीं नाहींत एवढें आधीं विचारावें, आणि मग मुलीस खुशाल खेळूं द्यावें. चिंचोटीच्या धबधब्यावर मनाईचा हुकूम लावणें सोपें आहे, कारण त्यास कांहीं खर्च नाहीं. मुलींच्या खेळावर तसला हुकूम घरोघर कोणी न लिहितां लागूं शकतो. तो लागण्याच्या आधीं तीन मुखवटे विकत घेणें, हें फार मोठें काम नव्हे.